तिसरी खेप

औसा, जि. लातूर
५ सप्टेंबर १९८२

चि. पंचशीलास,
सप्रेम जय भीम.

वर पत्ता घालताना हात आधी 'जि. उस्मानाबाद' लिहायला गेला. पंधरा ऑगस्टपासून आमचा लातूर जिल्हा झाला, पण हाताला अजून सवय नाही.

मी सुभेदार साहेबराव सोनकांबळे, निवृत्त. तू मला ओळखणार नाहीस. तुझे वडील व्यंकटी हनवते आणि मी महार पलटणीत एकत्र होतो. पासष्टच्या लढाईत ते गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तुझा पत्ता नांदेडच्या एका माजी सैनिकानं दिला. तू भोकरजवळच्या शाळेत शिक्षिका झालीस हे ऐकून ऊर भरून आला.

काम असं. आमच्या तालुक्यात पेन्शनवाले फौजी चाळीसएक आहेत. कुणी बर्मा पाहिलेला, कुणी लडाख. पेन्शनीच्या दिवशी भेटतो, चहा पितो, घरी जातो. मागच्या वर्षी आमच्यातला एक म्हातारा गेला आणि त्याची बर्म्याच्या लढाईतली पेटी पोरांनी भंगारवाल्याला घातली. ती मी उचलून आणली. त्या दिवशी ठरलं की या भागातल्या शिपायांचं एक संग्रहालय काढायचं. दरखास्त देऊन वाट पाहत बसायचं नाही. आपणच काढायचं, आपणच झाडायचं, आपणच चालवायचं.

बसस्टँडमागच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या मालकानं कापूस ठेवायच्या दोन खोल्या बिनभाड्यानं दिल्यात. छत जागोजाग उघडं आहे. रोज दोघांची पाळी असते. सोलापूरच्या गाडीची वाट पाहणारी माणसं सावलीसाठी आत येतात आणि दहा मिनिटांसाठी आलेला माणूस कधी कधी गाडी चुकवतो. रेणुकादास गुरुजी नावाचे इतिहासाचे निवृत्त मास्तर आमच्यात आलेत. फौजेशी त्यांचा संबंध नाही, पण अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी तेच लिहितात आणि खात्री नसेल ते लिहीत नाहीत. परवा आमच्या चंद्रप्पा ड्रायव्हरनं पाण्याची बाटली आणली. म्हणाला, "लिवा गुरुजी, जनरलसाहेबाची हाय." गुरुजींनी विचारलं, "साहेबांचं नाव?" चिठ्ठी झाली : 'पाण्याची बाटली. चंद्रप्पा यांनी दिली.'

तुझ्या वडिलांचा एखादा फोटो आणि त्यांची एखादी वस्तू आम्हाला दिलीस तर त्यांची जागा पहिल्या कपाटात राहील. वहिनींना माझा जय भीम सांग. सतरा वर्षांत तुमच्या दारी आलो नाही, याची लाज वाटते.

तुझा,
साहेबराव


भोकर, जि. नांदेड
१९ सप्टेंबर १९८२

आदरणीय साहेबराव काकांस,
सविनय जय भीम.

'तू मला ओळखणार नाहीस' असं तुम्ही लिहिलंत आणि मला हसू आलं. काका, आमच्या घरात तुमच्याइतकं ओळखीचं कुणी नाही. बाबा गेल्यावर तुम्ही आईला जे पत्र लिहिलं होतं, ते काचेत बसवून भिंतीवर लावलेलं आहे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रावर. पहिलीच्या पुस्तकाआधी मला 'दुश्मन' हा शब्द वाचता येत होता.

तुम्हाला आठवत असेलच, तरी लिहिते. 'मशीनगनवाला जवान जखमी होऊन पडला, तेव्हा व्यंकटीने डेगची बाजूला सारून मशीनगन हाती घेतली आणि शेवटच्या गोळीपर्यंत दुश्मनाला अडवून धरले.' लहानपणी मुलं मला 'लांगऱ्याची पोरगी' म्हणून चिडवायची. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फौजेत जाऊन भाकरी भाजली म्हणून हसायचे. मी त्यांना भिंतीपाशी नेऊन हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायची. एकदा वाचलं की पुन्हा कुणी चिडवत नसे. पुढं दर पंधरा ऑगस्टला शाळेत मला व्यासपीठावर उभं करू लागले. आता मी शिक्षिका आहे आणि तीच गोष्ट माझ्या मुलांना सांगते.

सोबत बाबांचा फोटो आणि त्यांच्यामागं मिळालेलं पदक पाठवत आहे. चिठ्ठीवर मशीनगनचा उल्लेख ठळक करावा ही विनंती.

इकडं पावसानं पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. आईला पेन्शन आहे, मी नको म्हणते, तरी ती रोजगार हमीच्या तलावावर माती उचलायला जाते. म्हणते, घरी बसून करू काय? तुमचं पत्र वाचून दाखवलं तर तिनं एवढंच विचारलं, "साहेबराव भाऊजी बरे हायत का? तवा लई पोरसवदा होते म्हनं."

आपली,
पंचशीला


औसा
१२ ऑक्टोबर १९८२

चि. पंचशीलास आशीर्वाद.

फोटो आणि पदक सुखरूप पोचलं. फोटोतला व्यंकटी पाहून बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. आमच्यात सगळ्यात उंच तोच होता. लंगरच्या तंबूत त्याला वाकून शिरावं लागायचं.

तुझं पत्र गुरुजींनी बैठकीत वाचून दाखवलं. मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं, नाही थांबवलं. लातूरचे मार्तंडराव, तेलाच्या मिलचे मालक, त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते. ऐकता ऐकता त्यांनी डोळे पुसले आणि उठून जाहीर केलं की दोन्ही खोल्यांचं छत, सहा काचेची कपाटं आणि दारात व्यंकटीचा मशीनगन घेतलेला पुतळा, सगळा खर्च त्यांचा. नवा जिल्हा आहे, म्हणाले, नव्या जिल्ह्याला असा माणूस दाखवायला पाहिजे. चंद्रप्पानं तर उभ्या उभ्या सॅल्यूट ठोकला.

इथंही पाणी नाही. आमच्यातले चौघं टँकरच्या रांगेचा बंदोबस्त करून मग पाळीवर येतात.

चिठ्ठीच्या मजकुराचं अजून ठरलेलं नाही. गुरुजींनी पलटणीच्या दप्तराला कागदपत्रांसाठी लिहिलं आहे. मला तुला काही लिहायचं आहे, पण आज नाही. वहिनींना जय भीम.

साहेबराव


भोकर
३ नोव्हेंबर १९८२

आदरणीय काकांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मधल्या सुट्टीत आलं आणि पुढचा तास मी काय शिकवलं ते मुलांनाच ठाऊक. बाबांचा पुतळा! मुख्याध्यापकांनी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर तुमचं पत्र वाचलं. उन्हाळ्यात सहल न्यायची असं आतापासून ठरलंय.

आईला सांगायला मी थेट तलावाच्या कामावर गेले. ती टोपलं खाली ठेवून ऐकत राहिली. म्हणाली, "बंदूक घेतल्याला करणार का?" मी म्हटलं, "हो, आणि खरी मशीनगन असते तशी." ती म्हणाली, "बरं." आणि टोपलं उचलून गेली. उन्हातानात काम करून ती फार थकते हो. एरवी तिला केवढा आनंद झाला असता.

तुम्हाला जे लिहायचं आहे ते मोकळेपणानं लिहा. त्या लढाईतलं आणखी काही असेल तर मला सगळं हवं आहे. पुतळ्यात बाबा उभे असावेत की गुडघ्यावर? मशीनगन कशी चालवतात ते तुम्हालाच माहीत.

आपली,
पंचशीला


औसा
२० डिसेंबर १९८२

चि. पंचशीला,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

भिंतीवरच्या पत्रातलं मशीनगनचं वाक्य खोटं आहे. ते मी माझ्या मनानं लिहिलं. पलटणीनं नाही, कुण्या अधिकाऱ्यानं नाही, मी. दप्तराचं उत्तर परवा आलं. त्यात 'लांगरी, कर्तव्यावर असताना तोफगोळ्याने मृत्यू' एवढंच आहे, आणि ते बरोबर आहे. पण झालं काय ते त्या कागदात नाही, म्हणून सांगतो. मी तिथं होतो.

सरहद्दीवरच्या एका गावापुढं आमची कंपनी खंदकात होती. दोन दिवस मागून काही येऊ शकलं नाही. शकरपारे खिशात होते ते पहिल्याच दिवशी संपले. तिसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटीनं एका पडक्या विहिरीच्या आडोशाला चूल मांडली आणि डाळ-रोट्या केल्या. गोळे पडत होते. काठीच्या दोन टोकांना दोन डबे अडकवून, ती काठी खांद्यावर टाकून तो निघाला. पहिल्या खेपेत डावीकडचे खंदक. परत गेला, डबे भरले, दुसऱ्या खेपेत मधले. हवालदारानं नंतर आम्हाला सांगितलं. तो म्हणाला, "बस कर, आता अंधार पडल्यावर जा." त्यानं विचारलं, "उजवीकडं किती राहिले?" हवालदार म्हणाला, "पाच." व्यंकटी म्हणाला, "मंग कसं बस करू? पाच उपाशी हायत की." आणि तिसऱ्यांदा निघाला. आमच्या खंदकापासून वीस पावलांवर गोळा पडला. त्या पाचांतला एक मी होतो.

पत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मला मराठी लिहिता येत होतं. मी तेवीस वर्षांचा होतो. आमच्या टोपीच्या बिल्ल्यावर मशीनगनी होत्या. मी विचार केला, गावात लोक काय म्हणतील? लढाईला गेला आणि पोळ्या वाटता वाटता मेला. आपल्या माणसांना आधीच कोण मान देतो? म्हणून मी त्याच्या हातात मशीनगन दिली. वाटलं, एका वाक्यानं कुणाचं काय जातं? ते वाक्य तुझ्या घरात सतरा वर्षं भिंतीवर असेल आणि त्यावर एक लेकरू वाचायला शिकेल हे मला कुठून कळावं?

पुतळ्याच्या गोष्टीपर्यंत मी तोंड उघडलं नाही, ही दुसरी चूक. पहिली तेवीस वर्षांच्या पोरानं केली. दुसरी चाळिशीतल्या सुभेदारानं केली, तिची माफी मागणंसुद्धा बरोबर दिसत नाही.

साहेबराव


भोकर
२ फेब्रुवारी १९८३

श्री. साहेबराव सोनकांबळे यांस,

तुमचं पत्र मिळून महिना झाला. उत्तर लिहिण्याची इच्छा नव्हती.

मी बावीस वर्षांची आहे. त्यातली सतरा वर्षं मी ज्याची मुलगी म्हणून वावरले, तो माणूस कधी नव्हताच. शंभर शंभर मुलांसमोर मी खोटं बोलले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मी कुणाची मुलगी ते तुम्हीच लिहून कळवा. तुम्हाला लिहिता चांगलं येतं.

सव्वीस जानेवारीला मला बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय म्हणून मी मागच्या रांगेत उभी राहिले.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिच्याकडं या वयात दुसरं आहेच काय? तुम्हीही सांगू नका. बाबांचा फोटो आणि पदक परत पाठवावं.

पंचशीला हनवते


औसा
१६ फेब्रुवारी १९८३

चि. पंचशीला,

फोटो आणि पदक रजिस्टर पोस्टानं वेगळं पाठवलं आहे. तुझं बरोबर आहे. मी काही समजूत घालत नाही. फक्त इथं काय झालं ते तुला कळायला पाहिजे, कारण ते तुझ्या वडिलांबद्दल आहे.

तुला लिहिलं त्याच आठवड्यात मी बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. मार्तंडराव होते. शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "सुभेदारसाहेब, हे तुम्हाला-आम्हाला कळलं, पुरे झालं. पुतळा ठरला तसाच होऊ द्या. हातात पोळीचा डबा घेतलेल्या माणसाला हार कोण घालणार? लोक हसतील हो."

गुरुजींनी दौतीला झाकण लावलं. म्हणाले, "मग ती चिठ्ठी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. माझ्या हातून होणार नाही."

मी म्हणालो, "पुतळा झाला तर डब्यासकट होईल." मार्तंडराव उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. छत गेलं, कपाटं गेली.

मी अध्यक्षपदाचा राजीनामा लिहून पुढं ठेवला. चंद्रप्पानं वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्याच खिशात कोंबला. म्हणाला, "पळून जाऊन राहिलात का? सोमवारची पाळी तुमची हाय." म्हणून सोमवारी गेलो. झाडून काढलं, दार उघडलं. पहिल्या कपाटात तुझ्या वडिलांची जागा मोकळी आहे. तिथं दुसरं काही ठेवायचं नाही असं सगळ्यांचं मत पडलं. लोक विचारतात, इथं काय होतं? आम्ही व्यंकटीची गोष्ट सांगतो, खरी. आतापर्यंत कुणी हसलं नाही.

एक बाई ऐकून गेल्या. त्यांच्याबद्दल नंतर कधी लिहीन, तू उत्तर दिलंस तर.

साहेबराव


भोकर
२५ एप्रिल १९८३

साहेबराव काकांस,
जय भीम.

मी आईला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण भिंतीवरचं पत्र मी काढून पेटीत ठेवलं आणि तिनं विचारलं, "तिथलं का काढलंस?" मला खोटं बोलता आलं नाही.

त्या दिवशी रविवार होता. मी तिचं जेवण घेऊन तलावावर गेले होते. तलाव म्हणजे नुसता खड्डा, खाली पांढरी माती. दुपारची सुट्टी झालेली, बाया बाभळीखाली बसलेल्या. मी आईला थोडं बाजूला नेलं आणि तुमचं डिसेंबरचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचताना मी रडत होते. ती रडली नाही.

तिनं विचारलं, "किती डाव गेला म्हंतेत?"

"तीनदा."

"तिसऱ्या डावाला कशापायी?"

"पाच जण राहिले होते जेवायचे."

तिनं पदर तोंडाला लावला आणि मला वाटलं आता रडेल. पण ती हसत होती, काका. म्हणाली, "हां. मंग त्योच होता."

मला कळेना. तर म्हणाली, "सतरा वर्सं तू त्या बंदुकीवाल्याचं कवतिक सांगून राहिलीस. मी ऐकायची. मला त्यो मानूस वळखू येत नव्हता. घरी कोंबडी कापायची तर ह्यो भाईर जाऊन उभा ऱ्हायचा. अन् पंगतीत शेवटचं मानूस जेवल्याबगर याच्या घशाखाली घास उतरत न्हवता. मी म्हनायची, मरताना बदलला आसंल. लढाईत बदलत आसतील मानसं. आज कळलं, न्हाई बदलला."

मी म्हटलं, "तुला राग नाही येत? साहेबराव काकांनी खोटं लिहिलं."

"त्ये लेकरू होतं. घाबरलं आसंल," म्हणाली. "पन तू शिकल्याली हायस. तुला लांगऱ्याची लाज वाटती व्हय?"

काका, तुम्ही लिहिलंत ते खोटं होतं, पण मी ते इतकं घट्ट का धरलं ते मला त्या बाभळीखाली कळलं. मला चिडवणाऱ्या मुलांचं म्हणणं मीही मनातून खरंच मानत होते.

तोवर बाया जवळ आल्या होत्या. आईनं त्यांना स्वतः सांगितलं, उभं राहून, टोपल्यावर एक पाय ठेवून. कुणी विचारावं आणि तिनं ताठ मानेनं सांगावं, असं मी माझ्या आईला याआधी पाहिलेलं नव्हतं.

फोटो आणि पदक पुन्हा पाठवत आहे. चिठ्ठीवर 'लांगरी' हा शब्द पहिला असावा, असं आईनं सांगितलंय. आणि फेब्रुवारीत मी जे लिहिलं, त्याबद्दल मला माफ करा.

ती बाई कोण?

पंचशीला


औसा
१० जुलै १९८३

चि. पंचशीलास आशीर्वाद.

तुझं पत्र मी चंद्रप्पाला वाचायला दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिलो. वहिनींना सांग, त्यांनी मला लेकरू म्हटलं, त्या एका शब्दावर मी या उन्हाळ्यात खूप काम केलं.

बाईंचं नाव शिवगंगा. लातूरला त्यांची खानावळ आहे. जिल्हा झाल्यापासून नवी कार्यालयं आली, परगावचे कारकून आले, आणि त्यांच्या सहा टेबलांवर जागा मिळेना झाली. फेब्रुवारीत त्या औशाला नातेवाइकांकडं आल्या होत्या, गाडीला वेळ होता म्हणून आत शिरल्या. मी व्यंकटीची गोष्ट सांगितली. त्यांनी रिकाम्या कपाटाकडं पाहिलं, वर उघड्या छताकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "रांधणाऱ्या माणसासाठी कुणी कपाट राखून ठेवलेलं मी पैल्यांदाच बघितलं बघा. छताचं आमच्यावर सोडा."

मला वाटलं, बोलून गेल्या. पण एप्रिलच्या एका सोमवारी लातूरच्या चार खानावळवाल्या, औशाचे लग्नाचे आचारी आणि बसस्टँडवरचा भजीवाला, सगळे आमच्या अंगणात चुली मांडून बसले. बाजाराचा दिवस होता. पिठलं, भाकरी, ठेचा. ज्याला देता आलं त्यानं दिलं. ज्याला नाही आलं तो जेवून पत्रे उचलायला थांबला. पाणी आम्ही फौजींनी पहाटेपासून रांगेत उभं राहून आणलं होतं. असे पाच सोमवार झाले. पाचव्या सोमवारी मार्तंडरावांचा माणूस तेलाचे दोन डबे ठेवून गेला. सोबत चिठ्ठी नव्हती. आम्हीही विचारलं नाही.

छत आम्हीच चढवलं. पन्नाशी-साठीतले दहा-बारा जण, दोऱ्या बांधून. गुरुजी खालून ओरडत होते, "सावकाश! तुमच्या चिठ्ठ्या इतक्यात लिहायच्या नाहीत मला." पुतळा नाही. पुतळ्याची गरज कुणालाच वाटली नाही. 

पंधरा ऑगस्टला, जिल्ह्याला वर्ष होईल त्या दिवशी, दार रीतसर उघडायचं आहे. फीत वहिनींनी कापावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे. न्यायला चंद्रप्पा येईल. तूही ये.

साहेबराव


भोकर
१७ ऑगस्ट १९८३

आदरणीय काकांस,
सविनय जय भीम.

आई काल परत आली. अजून बोलतेच आहे. शिवगंगाबाईंनी तिला शेजारी बसवून वाढलं, चिठ्ठीवरचं 'लांगरी व्यंकटी हनवते' गुरुजींनी तिचं बोट धरून अक्षर अक्षर दाखवलं, चाळीस फौजींनी एकदम सॅल्यूट केला आणि तिला काय करावं ते कळेना म्हणून तिनंही केला, हे सगळं मी आत्तापर्यंत सहा वेळा ऐकलं.

मी का आले नाही ते सांगते. पंधरा ऑगस्टला शाळेत माझं बोलणं होतं आणि या वेळी ते टाळायचं नव्हतं. इतकी वर्षं ज्या जागेवरून खोटी गोष्ट सांगितली, त्याच जागेवरून खरी सांगायची होती. मी आधी कबूल केलं की मागच्या वर्षी मी सांगितलेली गोष्ट चुकीची होती. पालक होते, सरपंच होते, कुजबुज झाली. मग मी बाबांच्या तीन खेपा सांगितल्या. 'माझे वडील लांगरी होते' हे वाक्य मी माइकवर दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज माझा मलाच छान वाटला.

टाळ्या वाजल्या नाहीत. मी उतरणार एवढ्यात तिसरीतली सिंधू उठून उभी राहिली. हात वर केला, वर्गात करते तसा. म्हणाली, "बाई, मंग ती पाच मानसं जेवली का?"

काका, मला माहीत नव्हतं. एका वर्षात इतकी पत्रं झाली आणि मी हे कधी विचारलंच नाही. आईला विचारलं, तर तिनंही तुम्हाला विचारलं नाही म्हणे. मी सिंधूला सांगितलं, पत्रानं विचारून सांगते. तिनं काल विचारलं, आज पुन्हा विचारलं.

आपली,
पंचशीला


औसा
२४ ऑगस्ट १९८३

चि. पंचशीलास,
सप्रेम जय भीम.

सिंधूला सांग, जेवली. पाचही जण.

आता तुला सांगतो. वहिनी इथं होत्या तेव्हा ओठांवर आलं होतं, पण जमलं नाही. तो पडला तसे आम्ही दोघं सरपटत गेलो आणि त्याला खंदकात ओढून आणलं. जीव गेलेला होता. काठी मोडली होती. एक डबा मातीत उलटला होता. दुसरा त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, आणि त्याचं झाकण निघालेलं नव्हतं. आम्ही त्याचे हात सोडवले. अडीच दिवसांची भूक होती, पंचशीला. मग एकानं झाकण काढलं. तो मी होतो. डाळ गरम होती. व्यंकटी शेजारी होता आणि आम्ही पाच जण रडत रडत जेवलो, डब्याचा तळ पुसून खाल्ला.

त्याच दुपारी दुश्मनानं आमच्या बाजूवर चढाई केली. दोनदा केली. आम्ही जागा सोडली नाही. उपाशी असतो तर हात स्थिर राहिले नसते, हे आमच्यातला प्रत्येक जण पुढं बोलला. पण मित्राच्या मढ्याशेजारी बसून पोटभर जेवलो, हे मला कुणाला सांगता येईना. वहिनींना पत्र लिहायला बसलो तर डोळ्यांपुढं तो डबाच येई. मशीनगन मी त्याच्या मानासाठी घातली असं तुला लिहिलं होतं. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं मी माझा घास लपवायला लिहिलं.

काल हे सगळं मी गुरुजींना सांगितलं, आणि मग आलेल्या माणसांपुढंही सांगितलं. सोलापूरच्या गाडीची चौदा-पंधरा माणसं होती. एक म्हातारा शेतकरी पुढं आला आणि म्हणाला, "त्यानं आनलं कशापायी होतं मंग? तुमी जेवावं म्हनूनच की." इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

गुरुजींनी जुनी चिठ्ठी काढून नवी लिहायला घेतली. माझ्याकडून प्रत्येक शब्दाची दोनदा खात्री करून घेतली. आता पहिल्या कपाटात असं आहे :

'लांगरी व्यंकटी हनवते. सप्टेंबर १९६५. तोफांच्या माऱ्यात तीन खेपा करून कंपनीला जेवण पोचवले. तिसऱ्या खेपेत मृत्यू. शेवटचे पाच जण जेवले. ठाणे सुटले नाही.'

शाळेची सहल आणायची तर सोमवारी आण. माझी पाळी असते. मुलं उपाशी आणू नकोस असं लिहिणार होतो, पण शिवगंगाबाई म्हणतात, उपाशीच आणायला सांगा.

पाचांतला एक,
साहेबराव